पाण्यावरचा तुकडा

मेलेल्या मांसाची इतकी काळजी घेणारा आणि जिवंत माणसांशी इतकं तुसडं वागणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. उंदराचं नखाएवढं लिव्हर ते तान्ह्या बाळासारखं जपायचे आणि ते घेऊन आलेल्या माणसाला मात्र दारातच "काय आहे?" असं विचारायचे, जणू तो गणपतीची वर्गणी मागायला आलाय. लॅबमध्ये सगळे त्यांना काकाच म्हणत. हुद्दा टेक्निशियनचा. कुणी आणलेला अवयवाचा तुकडा सडू न देता टिकवायचा, मेणात बसवायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप काढायचे आणि काचेवर चढवून रंगवायचे, म्हणजे मग आमच्यासारखे शहाणे मायक्रोस्कोपला डोळा लावून प्रबंध लिहायला मोकळे. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. त्यातली शेवटची चार वर्षं मी त्यांच्या शेजारी काढली. त्या चार वर्षांचा शेवट मी कसा केला तेही सांगणार आहे, पण आधी काका सांगते, कारण सांगण्यासारखे तेच आहेत.

मी मूळची अमरावतीकडची. पीएच.डी.साठी पुण्यात आले तेव्हा मला वाटायचं की पुणेकरांच्या बोलण्याबद्दल लोक उगाच वाढवून सांगतात. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या ऐटीत उंदरांची लिव्हरं डबीत घालून काकांकडे नेली. खराब होऊ नयेत म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती. काकांनी डबी उघडली, चिमट्यानं एक तुकडा टेबलावर टकटक वाजवला आणि म्हणाले, "बाई, हे मटार आहेत. पुलावात घाला." मग त्यांनी सांगितलं की बर्फाचे कण पेशी आतून फाडतात, तुकडा काढल्या क्षणी फॉर्मलिनमध्ये बुडवायचा असतो, आणि हे बारावीच्या मुलालाही ठाऊक असतं. डबी परत माझ्या हातात दिली. मी वसतिगृहावर जाऊन ढसाढसा रडले. आमच्याकडे कुणी असं बोललं तर निदान भांडता तरी येतं. इथे बोलणारा बोलून आपल्या कामाला लागलेलाही असतो.

पण हा प्रसाद मला एकटीलाच मिळत होता असं नाही, हे हळूहळू कळलं आणि बरं वाटलं. एकदा सर्जरीच्या एका तरुण डॉक्टरनं ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ अरुंद तोंडाच्या बाटलीत घालून पाठवली. ताजं मांस मऊ असतं, दाबलं की आत जातं. फॉर्मलिनमध्ये दोन दिवस राहिलं की असं घट्ट होतं की बाहेर यायचं नाव घेत नाही. काकांनी फोन करून त्या डॉक्टरला बोलावून घेतलं, टेबलावर बाटली ठेवली, बाटलीशेजारी हातोडी ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही घातलंत, तुम्ही काढा." तो बिचारा घामाघूम होऊन अर्धा तास काच फोडत होता आणि काका शांतपणे बाजूला बसून ब्लेडला धार आहे का ते पाहत होते. विभागप्रमुखांनाही सुटका नव्हती. ते माझे गाइड, आम्ही त्यांना सर म्हणायचो. सरांनी एकदा फोनवर "जरा अर्जंट आहे हो" म्हटलं तर काका म्हणाले, "अर्जंट तुम्हाला आहे साहेब, तुकड्याला नाही." आणि खरंच, फॉर्मलिनमध्ये जेवढे तास ठेवायचा तेवढे तास ठेवल्याशिवाय त्यांनी तुकडा बाहेर काढला नाही, सर दोनदा खाली येऊन गेले तरी.

एवढ्या वर्षांत फॉर्मलिनचा वास त्यांच्या अंगात असा मुरला होता की त्यांना स्वतःला तो येतच नसे. ते बसमध्ये चढले की दोन थांब्यांत शेजारची जागा रिकामी व्हायची. "लोक मला मान देतात," असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगत. बिबवेवाडीतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काकूंनी दारातच सांगितलं, "अगं, यांना आधी आंघोळ, मग घर." स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या आणि त्यावर पेन्सिलीनं लोणचं, तारीख आणि मिठाचं प्रमाण लिहिलेलं होतं. पेन्सिलीनं का, तर शाई स्पिरिटात धुऊन जाते. लोणच्याच्या बरणीवर स्पिरिट कोण ओतणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही. कोथिंबिरीच्या वड्या मात्र काकाच कापायचे, कारण काकूंच्या वड्या एकसारख्या जाडीच्या होत नाहीत, आणि जाड वडी आत कच्ची राहते, असं त्यांचं मत होतं. काकू मला हळूच म्हणाल्या, "माझा जन्म गेला बघ या माणसाबरोबर, पण वडी अजून कच्ची राहिली नाही." आणि खुदकन हसल्या.

आता त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या तुकड्याचे काप यंत्रावर निघतात तेव्हा ते एकमेकांना चिकटून लांब पट्टी तयार होते. ती पट्टी कोमट पाण्याच्या पसरट भांड्यावर अलगद सोडायची. ती पाण्यावर तरंगते, सुरकुत्या जातात, मग खालून काच घालून तिला वर उचलायचं. एका ठोकळ्याचं काम संपलं की पाण्याचा पृष्ठभाग वर्तमानपत्राच्या पट्टीनं पुसून घ्यायचा. डोळ्याला काही दिसो न दिसो, पुसायचाच. कारण आधीच्या कापाचा एखादा कण पाण्यावर राहून गेला तर तो पुढच्या काचेवर जाऊन बसतो. "पेठेतला माणूस येरवड्यात सापडतो," काका म्हणायचे, "मग लोक विचारणारच, काय केलंत म्हणून." सकाळी आल्या आल्या ते कालच्या वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडून ठेवत. अग्रलेखाचं पान आधी फाडायचं, ते शोषून घेण्यात चांगलं असतं असा त्यांचा दावा होता. दिवसभर, यंत्रावर कुणीही बसलेलं असो, पाठीमागून आवाज यायचाच, "पाणी पुसलंत?"

नियमाप्रमाणे काप फक्त टेक्निशियननं काढायचे. पण मी हट्ट धरला आणि काकांनी मला शिकवलं. वर्षभर शिव्याच खाल्ल्या, पण शिकवलं. मेण किती गरम झालंय ते मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कसं ओळखायचं, पट्टी ओढायला ब्रशचे किती केस लावायचे, श्वास कधी रोखायचा, सगळं. ज्या दिवशी माझी पहिली अखंड पट्टी निघाली त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या लेखी ते कौतुक होतं. माझे काप मी काढायची आणि रजिस्टरमध्ये नियमाप्रमाणे नाव त्यांचं लागायचं. त्यांना निवृत्त व्हायला तेव्हा वर्ष राहिलं होतं. मागच्या खोलीत त्यांच्या तीस वर्षांच्या मेणाच्या ठोकळ्यांची कपाटं होती आणि सगळ्यांची मिळून एक नीट यादी कधी झालीच नव्हती. निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली तर ती यादी पुरी करायची, एवढी एकच गोष्ट या माणसाला हवी होती. सरांनी हो म्हटलं होतं. काका रोज जेवणानंतर अर्धा तास त्या खोलीत जाऊन बसत आणि बाहेर येताना चेहरा असा असायचा, जसा लेकीच्या घरून आलेल्या बापाचा असतो.

त्या दिवशी मला घाई होती. दुसऱ्या दिवशी सरांना स्लाइडी दाखवायच्या होत्या. प्लीहेचे, म्हणजे स्प्लीनचे, ठोकळे संपवून मी लिव्हरचे घेतले आणि पाठीमागून आवाज आला, "पाणी पुसलंत?" लॅब बघायला एम.एस्सी.ची दहाबारा पोरं आलेली होती, ती सगळी माझ्याकडे बघायला लागली. माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "काका, आता पुरे ना! तुम्ही दिवसभर पाणीच पुसत बसलात म्हणून तुम्ही इथे राहिलात. आम्हाला पुढे जायचंय." पोरं फिदीफिदी हसली. त्यानंतर दिवसभर मागून एकदाही आवाज आला नाही. मला वाटलं, बरं झालं, एकदाचे गप्प बसले.

आठवड्यानं त्याच दिवशीच्या स्लाइडी पुन्हा बारकाईनं पाहताना एका लिव्हरच्या स्लाइडमध्ये कडेला भलत्याच पेशींचा एक पुंजका दिसला. लिव्हरमध्ये तशा पेशी असायचं काही कारण नव्हतं. सर तर खुर्चीवरून उठलेच. आम्ही उंदरांना जो झाडपाल्याचा अर्क देत होतो त्याचाच हा परिणाम, असं ते म्हणाले, आणि मला तर हो म्हणायचंच होतं. फोटो काढले, पोस्टर छापलं, परिषदेत सरांनी ते झळकवलं, लोकांनी माना डोलावल्या. मी अमरावतीला फोन करून आईला सांगितलं, तिनं देवापुढे साखर ठेवली. परत आल्यावर उत्साहाच्या भरात मी काकांनाही म्हटलं, "बघा तरी." त्यांनी डोळा लावला, बोटानं फोकसचं चाक जरा पुढे केलं, जरा मागे केलं. "लिव्हर स्पष्ट दिसतं तेव्हा हा पुंजका धूसर होतो, आणि पुंजका स्पष्ट केला की लिव्हर धूसर. म्हणजे हा वर बसलाय," ते म्हणाले. "हा लिव्हरचा नाही बाई. प्लीहेचा कण आहे. पाण्यावरून आलाय." मग त्यांनी तोच ठोकळा घेऊन त्याचे पुढचे वीस काप काढले. एकातही पुंजका नव्हता.

मी सरांकडे गेले आणि खरं ते सांगितलं. तेवढं तरी मी केलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवत आले. सरांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "रजिस्टरमध्ये नाव कुणाचं आहे?" मी म्हटलं, "काकांचं, पण काप मी काढले होते." ते म्हणाले, "मी एवढंच विचारलं, नाव कुणाचं आहे." पोस्टर झळकलं होतं, कुणाची तरी चूक दाखवल्याशिवाय ते मागे घेता येत नव्हतं. माझी चूक धरली तर माझा प्रबंध, आणि नियम मोडून मला यंत्रावर बसू दिल्याबद्दल सरांचीही मान अडकणार. त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'सदर काप टेक्निशियन यांनी काढले असून पाणी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी त्यांची होती.' मी सही केली. कुणी हात धरला नव्हता, धमकीही दिली नव्हती. पेनसुद्धा माझंच होतं. तो कागद उत्तर मागवणाऱ्या मेमोला जोडून काकांकडे गेला तेव्हा मी समोरच होते. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सही बरोबर जागी केलीत." बस. एवढंच. त्यांनी माझ्या कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

मेमोवर त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, 'चूक मान्य आहे.' मुदतवाढ नामंजूर झाली. निरोप समारंभात शाल आणि नारळ दिला. सरांनी भाषणात 'निष्कलंक सेवा' असे शब्द वापरले, कारण त्यांचं निरोपाचं भाषण दर वेळी तेच असायचं. तेवढ्यापुरतं काकांनी वर पाहिलं आणि पुन्हा नारळाकडे बघत बसले. ती एक स्लाइड वगळून माझा प्रबंध झाला. मला डॉक्टरेट मिळाली, त्याच विभागात नोकरी मिळाली, सर निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्चीही मिळाली. कपाटांची यादी कुणीच केली नाही. काकांच्या घराकडे मी फिरकले नाही. बिबवेवाडीत माझ्या मावसबहिणीनं फ्लॅट घेतला तेव्हाही काहीतरी सबब सांगितली. लाज वाटत होती म्हणा, नाहीतर भेकड होते म्हणा. भेकडच होते.

गेल्या वर्षी माझीच एक विद्यार्थिनी बिघडलेली स्लाइड घेऊन माझ्याकडे आली आणि अगदी सहज म्हणाली, "मॅडम, टेक्निशियनची मिस्टेक असणार, टाकू या त्यांच्यावर." मी तिच्यावर इतकी ओरडले की बाहेरचे लोक आत डोकावले. ती पोर रडत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून बिबवेवाडीला गेले.

दार काकूंनी उघडलं. केस पांढरे झाले होते, बाकी त्याच. "अगं बाई, किती वर्षांनी! मोठी साहेब झालीस म्हणे." काका गॅलरीत बसले होते. मान थोडी थरथरत होती. "या बाई," ते म्हणाले, जणू मी कालच येऊन गेले होते. काकू चहा टाकता टाकता सांगत होत्या, "दोन वर्षं वाढवून देत होते, यांनीच नको म्हटलं. आराम करतो म्हणाले. आणि मग महिनोन्‌महिने नुसते भिंतीकडे बघत बसले." मी काकांकडे पाहिलं. ते कपबशीकडे बघत होते. काकू दूध आणायला खाली उतरल्या तेव्हा मी एका दमात सगळं बोलून टाकलं, की चूक माझी होती, पाणी मी पुसलं नव्हतं, सही खोटी होती, मला माफ करा.

"पुसलं नव्हतंत ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "मी मागेच उभा होतो."

मला कळेना. ते सावकाश बोलत राहिले. "तुम्ही पोरांसमोर बोललात ना, त्याचा राग आला होता. पाण्यावर कण दिसत होता मला. म्हटलं, होऊ दे एकदा, मग कळेल. एकतीस वर्षांत मी कुणाला बोलायचं सोडलं नाही, त्या दिवशी तेवढं सोडलं. म्हणून लिहिलं, चूक मान्य आहे. माझी होती तेवढी मान्य केली."

मी रडायला लागले. त्यांना रडण्याबिडण्याची भयंकर चीड, त्यांनी रुमाल दिला आणि तोंड फिरवलं. तिकडेच बघत विचारलं, "तुमची होती तेवढी लेखी द्याल?"

खोटं कशाला सांगू, मी लगेच हो म्हटलं नाही. खुर्ची आठवली, पदवी आठवली, विद्यार्थी आठवले. काका वाट बघत होते. हा माणूस घाई करत नसे, पण सोडतही नसे. मी कागद मागितला. मी खाली सही करणारी, अमुक अमुक, लिहून देते की ते काप मी स्वतः काढले, पाणी मी पुसलं नाही, आणि टेक्निशियन यांच्यावर ठेवलेला ठपका खोटा होता. दोन प्रती केल्या. एक मी ऑफिसात नेऊन दिली, मेमो रद्द करून तशी नोंद त्यांच्या सेवापुस्तकात करावी म्हणून, आणि दुसरी पर्समध्ये ठेवली. आदेश निघाला की दोन्ही मिळूनच त्यांच्या हातात देईन असं ठरवलं होतं. वर काय व्हायचं ते माझं होवो, म्हटलं. ते अजून व्हायचंय, चौकशी चालू आहे.

पण ऑफिसातल्या बाईंनी आठ दिवसांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, ती फाईलच नाहीये. नवीन इमारतीत येताना जुन्या रिटायर लोकांच्या फायली निकाली काढल्या. रद्दीत गेल्या सगळ्या." मी म्हटलं, "मेमोची प्रत तरी?" त्या म्हणाल्या, "मेमो पण, सेवापुस्तक पण. ते कामाला होते याचाच कागद नाही आपल्याकडे, नोंद कशात करू?"

मी पुन्हा बिबवेवाडीला गेले. या वेळी काकू घरातच होत्या, आत भाजी निवडत होत्या. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे मेमो गेला," ते म्हणाले.

"हो काका."

"आणि बाकीची एकतीस वर्षं?"

गॅलरीखाली भाजीवाला ओरडत होता. काकांनी मान हलवली, त्यांना उत्तर मिळालं होतं. मग त्यांनी माझ्या पर्सकडे बोट केलं. "ती दुसरी प्रत आणलीत? द्या इकडे." मी दिली. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. मग तो सावकाश वाचला. मला वाटलं, आता काहीतरी झोंबणारं बोलतील, आणि बोलावं अशी माझी फार इच्छा होती. पण आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी काकूंना हाक मारली.

"अगं, ती भाजी ठेव जरा. इकडे येऊन बस. मी तुला एक खोटं सांगितलं होतं."

काकू हात पुसत आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. काका पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले.